सरकारी बाकावर

आनंदराव सुखदेव्यांची रत्नमाला मंत्री झाली ती चिठ्ठीनं. दुर्गच्या एका कॉलेजात ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि राज्यशास्त्र शिकवणाऱ्या चंद्राकर सरांना दर जानेवारीत वर्गाची लोकसभा भरवायची हौस होती. बाकं दोन्ही भिंतींकडे सरकवायची, मधे सभापतीचं टेबल ठेवायचं, एका अंगाला सरकार, दुसऱ्या अंगाला विरोधी पक्ष, आणि दोन तास खऱ्यासारखी चर्चा करायची. कोण कुठं बसणार हे सर स्वतः ठरवत नसत. खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकून ते खोकं वर्गभर फिरवत. चौसष्ट साली त्या खोक्यातून रत्नमालेनं जी चिठ्ठी उचलली तिच्यावर लिहिलं होतं, मंत्री, सरकार पक्ष.

विषय फळ्यावर आधीच लिहिलेला होता. बौद्ध धर्म घेतलेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती चालू ठेवाव्यात, असा ठराव विरोधी पक्षानं मांडायचा आणि सरकारनं तो हाणून पाडायचा. सरांच्या मनात वाकडं काही नव्हतं. शेजारच्या महाराष्ट्रानं आपल्यापुरत्या काही सवलती दिल्या होत्या, केंद्राच्या यादीत मात्र ही माणसं बसत नव्हती. कायद्याचा पेच चांगला आहे, पोरं चार पुस्तकं उघडतील, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. वर्गात बौद्ध घरातली एकटी रत्नमालाच आहे, हे त्यांच्या लक्षात नसावं.

गुलाबच्या मात्र लक्षात आलं. गुलाब हा उतईच्या एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, रोज सायकल मारत दुर्गला यायचा. त्याला विरोधी पक्षनेत्याची चिठ्ठी निघाली होती. तास सुटल्यावर व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं आणि हळूच म्हणाला, की हवी असेल तर चिठ्ठी बदलून घे, सरांना मी सांगतो. रत्नमाला म्हणाली, नको, निघाली ती निघाली. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा नको म्हटलं. त्याला वाटलं, मुलगी जिद्दीची आहे.

जिद्द वगैरे काही नव्हती. विरोधी बाकावर बसायचं तर 'आम्ही' असं म्हणावं लागलं असतं. आम्ही धर्म बदलला, आमची गरिबी बदलली नाही, आम्हाला आमचं द्या. आणि ऑगस्टपासून रत्नमालेच्या तोंडून 'आम्ही' हा शब्द निघत नव्हता. मंत्र्याला 'आम्ही' म्हणावं लागत नाही. मंत्री 'सरकार' म्हणतो.

ऑगस्टमध्ये झालं होतं ते असं. आनंदराव भंडाऱ्याकडचे. छप्पन सालच्या दसऱ्याला ते बायको कमला आणि अकरा वर्षांची रत्नमाला यांना घेऊन नागपूरला गेले, पांढरे कपडे घालून लाखो माणसांत उभे राहिले आणि बौद्ध होऊन परत आले. पुढच्या वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्याचं बांधकाम जोरात निघालं तेव्हा बिऱ्हाड उचलून इकडं आले. खलाशी म्हणून लागले, क्रेनच्या आकड्याला वजन अडकवायचं आणि हाताच्या खुणेनं वर न्यायचं, खाली घ्यायचं, हे त्यांचं काम. राहायला मजुरांच्या वस्तीत, कॅम्प दोनमध्ये. दर रविवारी जामुलकडच्या एका ओळखीच्या घराच्या ओसरीवर दहा-पंधरा जणांची बैठक बसे, तिथं आनंदराव बोलत. नवा धर्म कागदावरही लिहा, शाळेत लिहा, नोकरीत लिहा, लाजू नका, भिऊ नका, हे ते दर बैठकीला सांगत. रत्नमालेनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं वाक्य तिला आधीच ठाऊक असे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिनं फॉर्मवर बौद्ध लिहिलं. ते वर्ष पुरी फी भरून कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी कमला म्हणू लागली की आता पुरे, पोरीनं घरी बसावं. तेव्हा एका सोमवारी आनंदराव रजा काढून एकटेच कॉलेजच्या ऑफिसात गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, फीची सोय झाली. कशी झाली ते कोणी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये स्कॉलरशिपची यादी बोर्डावर लागली. अनुसूचित जाती, असं वर ठळक लिहिलेलं, खाली सात नावं, पाचवं तिचं. नावापुढं धर्माच्या रकान्यात हिंदू, जातीच्या रकान्यात महार.

रत्नमालेनं ती ओळ दोनदा वाचली. मग ती वर्गात गेली आणि इंग्रजीचा तास नीट लिहून घेतला. आपल्याला राग येईल, रडू येईल, घरी जाऊन आपण काही बोलू, असं तिला वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. घरी गेली तर बा खाटेवर बसून पायाला तेल लावत होते, त्यांनी विचारलं, आज उशीर कावून झाला, ती म्हणाली बस चुकली. तेव्हापासून पाच महिने ती जेवत होती, झोपत होती, पाणी भरत होती, परीक्षेत मार्कही बरे पडले होते. फक्त सगळं तिच्यापासून हातभर लांबून चालल्यासारखं वाटे. रविवारी बा बैठकीला निघत आणि ती दार लावून घेई.

चिठ्ठी निघाल्यावर तिनं तयारी सुरू केली. लायब्ररीत राष्ट्रपतींचा पन्नास सालचा आदेश मिळाला, त्यात कोण बसतं आणि कोण बसत नाही हे लिहिलेलं होतं. तिनं तो उतरवून घेतला. अस्पृश्यता हा हिंदू धर्मातला दोष मानला तर जो त्या धर्मातून बाहेर पडला त्याला त्या दोषाची भरपाई कशी मागता येईल, हा मुद्दा तिनं मांडायचं ठरवलं. त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. मुद्दे आपोआप रांगेत येऊन उभे राहत होते. आपल्याला हे इतकं सोपं का जातंय, असं एकदा तिच्या मनात आलं, पण तिनं त्याचा पाठपुरावा केला नाही.

गुलाबचं उलट होतं. त्याला काही सापडेना. लायब्ररीत त्याच्या बाजूचं पुस्तकच नव्हतं. आठवड्यावर सभा आली तेव्हा तो संकोचत तिच्याकडं आला आणि म्हणाला, की तुझ्याकडं तुमच्या लोकांचं काही पत्रक, काही भाषण असेल तर दे, नाही तर मी उभा राहून नुसता ओरडेन. दुसऱ्या दिवशी रत्नमालेनं त्याला बांची वही आणून दिली. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही, बैठकीत बोलायचे मुद्दे आनंदराव तिच्यात लिहून ठेवत. रत्नमालेनं लहानपणी तिची पहिली पानं वाचली होती. नंतरची तिनं पाहिली नव्हती, आणि देतानाही पाहिली नाही. मराठी वाचता येईल ना, एवढंच तिनं विचारलं. गुलाब म्हणाला, अक्षरं तर तीच आहेत, लावून घेईन.

वही का दिली हे तिला सांगता आलं नसतं. त्या बाजूनंही कोणीतरी नीट बोलावं, एवढं कदाचित वाटलं असेल.

सभेला पालकांना बोलावणं होतं. रत्नमालेनं घरी सांगितलं नव्हतं. पण शेजारच्या राधाबाईचा भाऊ कॉलेजात शिपाई होता, त्याच्याकडून कमलाला कळलं, कमलाकडून आनंदरावांना. त्या शुक्रवारी ते रात्रपाळी करून आले, आंघोळ करून धुतलेला पांढरा सदरा घातला आणि बसनं दुर्गला गेले. रत्नमाला सरकारी बाकावर जाऊन बसली तेव्हा तिला ते मागच्या भिंतीशी, दोन-चार पालकांच्या ओळीत बसलेले दिसले. हातात टोपी, डोळे लाल. त्यांनी तिच्याकडं पाहून मान हलवली. तिनंही हलवली.

आपली मुलगी कुठल्या बाजूनं बोलणार हे आनंदरावांना माहीत नव्हतं. ते विरोधी बाकांकडं बघत होते, आणि ती समोरच्या बाजूला का बसली आहे हे त्यांना लगेच उमगलं नाही.

सभा हिंदीत चालली. गुलाबनं ठराव मांडला. तो चांगलं बोलला. माणूस देऊळ सोडतो तेव्हा त्याची झोपडी काही महाल होत नाही, तो म्हणाला. काल ज्यानं विहिरीवरून हाकललं तो आज याला बौद्ध म्हणून घागर भरू देतो का, म्हणाला. सुटकेसाठी चालून गेलेल्या माणसाला चालल्याबद्दल दंड करणारं हे सरकार आहे, म्हणाला. ही वाक्यं हिंदीत आली होती तरी त्यांचा बांधा जामुलच्या ओसरीवरचा होता. रत्नमालेला न बघताही कळलं, मागच्या भिंतीशी एक माणूस ताठ झाला आहे.

मग सभापतीनं मंत्र्यांचं नाव पुकारलं. ती उठली. तिनं आदेशातला परिच्छेद वाचला, अर्थ सांगितला, सवलत ही जखमेवरची पट्टी आहे आणि जो म्हणतो मी ते अंगच सोडलं त्यानं पट्टी कशी मागावी, असं म्हणाली. सरकारला दया आहे, पण सरकार दयेवर चालत नाही, यादीवर चालतं. गरिबी हा निकष हवा असेल तर गरिबीचा वेगळा ठराव आणा, सरकार विचार करेल. बाकांवर थापा पडल्या. चंद्राकर सर खिडकीशी उभे राहून हसत मान डोलावत होते. तिला बोलताना स्वतःचे हात दिसत होते, कागद धरलेले, अगदी स्थिर, आणि ते कोणा दुसऱ्याचे असावेत असं वाटत होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. दोन-तीन किरकोळ प्रश्न झाले. मग गुलाब उठला. तो म्हणाला, माझ्याजवळ एका मजुराची वही आहे, तिच्या शेवटच्या पानावर त्यानं एक सवाल लिहिला आहे, तो मी मंत्री महोदयांना त्याच्याच भाषेत वाचून दाखवतो. आणि अडखळत, एकेक शब्द लावत त्यानं वाचलं.

"कागदावर जुनं लिवलं न् मनात नवं हाये, त्या मानसाले काय म्हनावं? रविवारी इचाराचं."

मग त्यानं हिंदीत सांगितलं, की धर्म बदललेला एखादा माणूस पोटासाठी किंवा पोरांसाठी कागदावर जुनी जात लिहितो, त्याला सरकार काय म्हणेल, असं हा मजूर विचारतो आहे.

गुलाबला काही ठाऊक नव्हतं. त्याला तो एक चांगला प्रश्न वाटला होता, तेवढाच. रत्नमालेनं मागच्या भिंतीकडं पाहिलं. आनंदराव खाली बघत होते. टोपी त्यांनी गुडघ्यावर पसरून ठेवली होती आणि अंगठ्यानं तिची घडी पुन्हा पुन्हा दाबत होते. तो प्रश्न त्यांनी कुठल्याच रविवारी विचारला नव्हता. विचारला असता तर कॅम्पात ते घरोघरी गेलं असतं, आणि तिच्याही कानावर आलं असतं.

मंत्र्यानं उत्तर द्यायचं असतं.

"सरकार त्या माणसाला ओळखत नाही," ती हिंदीत म्हणाली. "सरकार कागद ओळखतं. कागद बरोबर असेल तर सरकारच्या लेखी तो माणूस खरा."

हशा पिकला, टाळ्या पडल्या. सरकारी बाकावरची पोरं बाकं बडवू लागली. गुलाबनं हात वर केला, पुरवणी प्रश्न आहे म्हणाला, आणि टाळ्या ओसरल्यावर विचारलं, "आणि मंत्री महोदयांच्या स्वतःच्या लेखी?"

सभापती झालेला मुलगा नियमाचा पक्का होता. त्यानं टेबलावर डस्टर आपटलं आणि सांगितलं, की मंत्र्यांना त्यांचं खाजगी मत विचारता येत नाही, प्रश्न नाकारण्यात येत आहे. गुलाब बसला. रत्नमाला मात्र थोडा वेळ उभीच होती. शेजारच्या मुलीनं ओढणीला हलकेच ओढलं तेव्हा ती बसली.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं पंधरा, विरुद्ध एकोणतीस. सरकार जिंकलं. चंद्राकर सरांनी उत्तम वक्ता म्हणून रत्नमालेचं नाव घेतलं आणि म्हणाले, की इतकं थंड डोक्यानं बोललेलं मी या वर्गात ऐकलं नाही. मुलं येऊन अभिनंदन करून गेली. गुलाब आला, वही परत देऊ लागला. आनंदराव तोवर जवळ येऊन पोचले होते. त्यांनीच हात पुढं केला, वही घेतली आणि त्याला म्हणाले, "बेटा, बहुत बढिया बोले." गुलाब वहीकडं बघत राहिला, मग त्यांच्याकडं, मग रत्नमालेकडं, आणि त्याला काय ते समजलं. त्याचा चेहरा उतरला. तो माफी मागू लागला तसे आनंदराव त्याच्या खांद्यावर थोपटून पुढं निघाले.

बापलेक बसथांब्यापर्यंत चालत गेले. ऊन चांगलं होतं. थांब्यावर लिंबाखाली उभं राहिल्यावर आनंदराव म्हणाले, "तो दुसरा सवाल राहूनच गेला."

"सभापतीनं नाकारला."

"हो. आयकलं मी." टोपी डोक्यावर चढवून ते म्हणाले, "तुले कधी कळलं?"

"ऑगस्टात. बोर्डावर लागलं होतं."

त्यांनी बोटांवर महिने मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. ऑफिसातल्या बाबूनं फॉर्म पाहून म्हटलं होतं, की हा एक शब्द आहे तोवर माझ्याकडून काही होणार नाही, तुमच्याकडं जुना दाखला असेल तर बघा. एक्कावन्न सालचा भंडाऱ्याचा दाखला पेटीत होताच. तो घेऊन ते दुसऱ्यांदा गेले, बाबूनं नवा फॉर्म दिला, आणि आनंदरावांनी तो आपल्या हातानं भरला. घरी येताना अलीकडंच, सुपेल्याला, बसमधून उतरले होते म्हणे, उगाच, आणि तिथून कॅम्पापर्यंत पायी आले होते.

"मले सांगाचं होतं," रत्नमाला म्हणाली.

"सांगतलं असतं तर तू कॉलेज सोडलं असतं."

हे खरं होतं. तिनं सोडलंच असतं. आता काहीतरी बोलायला हवं, हे तिला कळत होतं. एक तर रागाचं, नाही तर मायेचं. तिनं आत शोधून पाहिलं, दोन्ही सापडेना. आपल्या बापाच्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली आहे, एवढं तिला दिसलं.

"तू बोलली मात्र साफ," आनंदराव म्हणाले. "माह्यापेक्षा साफ."

बस आली. दोघांना शेजारी जागा मिळाली. रात्रभर जागलेला माणूस, खिडकीचं ऊन तोंडावर आलं, गाडी सुपेल्याच्या पुढं जाईतो आनंदरावांची मान कलंडली आणि डोकं तिच्या खांद्यावर आलं. ते घोरू लागले. पावरहाऊसचा, त्यांच्या कॅम्पाचा थांबा आला. लोक उतरू लागले. रत्नमालेनं त्यांना हलवायला हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. बस सुटली. खुर्सीपारच्या फाट्यावर कंडक्टर तिकिटं बघत आला तेव्हा तिला त्यांना उठवावंच लागलं.

ते दचकून उठले, बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "पुढं आलो का आपन?"

"हो. मलेही झोप लागली," ती म्हणाली.

तिथून दोघं उलटं चालत आले. आनंदराव अर्ध्या वाटेत थांबून कारखान्याच्या नव्या चिमण्यांकडं बोट करून सांगत होते, की ती तिसरी आहे ना, तिचा वरचा तुकडा चढवताना खाली खूण द्यायला मी होतो. ती हो म्हणत होती. घरी कमला दारातच होती. कोण जिंकलं म्हणून तिनं विचारलं. आनंदराव चपला काढत म्हणाले, "हिचं सरकार." मग ते जेवले आणि झोपले.

पुढचं थोडक्यात. कॉलेज संपेपर्यंत सगळे तिला मंत्री महोदया म्हणत, आणि ती ओ देत असे. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा फॉर्म तिनं स्वतः आणला, स्वतः भरला आणि वडलांसमोर ठेवला. त्यांनी वाचला. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "बरं." स्कॉलरशिप बंद झाली. रत्नमाला सकाळी कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, दोन घरी मुलांना शिकवू लागली, तिथून तशीच कॉलेजला जाई. असं केल्यावर आपल्याला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही, पायी चालणं तेवढं वाढलं. आनंदराव चार-पाच रविवार बैठकीला गेले नाहीत, मग जाऊ लागले. आता ते कमी बोलत, असं जामुलची माणसं सांगत. फॉर्मवर काय लिहावं हा विषय ते काढत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, ज्याच्या घरचं त्याले ठाऊक.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी रत्नमाला सार्वजनिक नळावर भांडी घासत बसली होती. मागं बायकांची रांग होती, कोणीतरी कोणाच्या लग्नाचं सांगत होतं. पातेल्याचा तळ घासता घासता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. कशानं ते तिला समजेना. त्या वेळी ती घरचा, बांचा, कॉलेजचा, कशाचाच विचार करत नव्हती. मागच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर राख डोळ्यात गेली असं ती म्हणाली. ती घासत राहिली आणि रडत राहिली, आवाज न करता, बराच वेळ. बायका तिला ओलांडून आपापल्या बादल्या लावत होत्या. मग नळाची वेळ संपली, धार बारीक होत होत थांबली, तशी तिनं भांडी टोपलीत भरली आणि ती घरी गेली. सेक्टर दहाला जायला उशीर होत होता.